खेळते, सर

अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत मी खांदे पाडून, मान पुढे काढून उभी होते. मला ती सवयच होती. शाळेच्या फोटोत मागची ओळ, वर्गात शेवटचा बाक, लग्नाकार्यात भिंतीचा आधार. पाच फूट दहा इंच उंचीची मुलगी आमच्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांत कुणी बघितली नव्हती. रांगेच्या बाजूने एक सर चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "सरळ उभी राहा."

मला वाटलं, रांग मोडली म्हणून ओरडतायत. मी सरळ झाले. ते माझ्यापेक्षा चार बोटं बुटके निघाले. वर बघत त्यांनी विचारलं, "काय खेळतेस?"

"काही नाही."

"आता खेळशील," असं म्हणून ते निघून गेले. ते कॉलेजचे क्रीडाशिक्षक होते, हे मला रांगेतल्या पुढच्या मुलीने सांगितलं.

कॉलेज वाशीत होतं. आम्ही राहायचो कोपरखैरण्याला, माथाडींच्या वसाहतीत. मार्केट मुंबईतून खाडीच्या अलीकडे आलं तसं वडिलांच्या मागोमाग आमचं बिऱ्हाडही आलं होतं. वडील कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहायचे. पहाटे जायचे, दुपारी यायचे, आणि आल्यावर अर्धा तास भिंतीला पाठ लावून नुसते बसायचे. त्या अर्ध्या तासात आई त्यांच्याशी बोलायची नाही. मी पहिल्यांदा प्रॅक्टिसहून घरी आले आणि त्याच भिंतीला पाठ लावून बसले, तेव्हा वडील हसले होते. "दमलीस व्हय?" एवढंच म्हणाले.

बास्केटबॉलचं कोर्ट कॉलेजच्या मागे होतं, सिमेंटचं. कडेची भिंत संपली की पुढे खारफुटी आणि चिखल. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की बॉल रिंगजवळ जाऊन किंचित डावीकडे सरकायचा. आमच्या मुलींना ते माहीत होतं, बाहेरून येणाऱ्या टीमना नव्हतं. त्यामुळे आमच्या कोर्टवर आम्ही सहसा हरत नसू. मला सरांनी सेंटरला घेतलं. म्हणजे रिंगखाली उभं राहायचं, आणि चुकलेला बॉल खाली येताना इतर कुणाच्याही आधी उडी मारून घ्यायचा. पहिलं वर्षभर मी नुसती आडवी-तिडवी पडत होते. दुसऱ्या वर्षी मला कळायला लागलं की बॉल रिंगवर आपटतानाच सांगतो, मी कुठे पडणार. तिसऱ्या वर्षापासून टीम माझ्यावर उभी होती. हे मी फुशारकीने सांगत नाही. त्या मुलीबद्दल बोलताना मला दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलतेय असं वाटतं.

ती मुलगी सरळ चालायची. बसस्टॉपवर लोक बघायचे तर बघू द्यायची.

शेवटच्या वर्षी आमची टीम विभागाच्या फायनलला पोचली. फायनल बघायला विद्यापीठाच्या टीमची निवड करणारे लोक येणार होते, आणि सरांनी मला सांगून ठेवलं होतं, की तू नुसती नेहमीसारखी खेळलीस तरी पुरे. आदल्या दिवशीच्या सेमीफायनलमध्ये मी उडी मारून खाली आले ती दुसऱ्या मुलीच्या बुटावर. गुडघा आत वळला. मॅच संपेपर्यंत काही वाटलं नाही. घरी येईपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती.

फायनल दुपारी होती. मी लवकर गेले. सरांनी मला कोर्टच्या कडेच्या बाकावर बसवलं, खाली उकिडवे बसले आणि माझा गुडघा दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यांनी दाबून बघितला. बराच वेळ बघितला. मग मान वर करून म्हणाले, "जमेल?"

"हो, सर."

"बघ हं. नसेल जमत तर सांग."

"जमेल."

क्रेप बँडेज बांधता बांधता त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की?"

"खेळते, सर," मी म्हटलं.

माझी अडचण हीच आहे. त्यांनी मला तीन वेळा विचारलं होतं. त्यांना दोष द्यायला मी पुढे कितीदा बसले, आणि प्रत्येक वेळी ते तीन प्रश्न आडवे आले.

मी जेमतेम आठ-दहा मिनिटं खेळले. बॉल घेऊन थांबले, उजवीकडे वळले, आणि गुडघ्यातून आवाज आला. मोठा नाही. ओल्या दोरीला गच्च मारलेली गाठ अचानक सुटावी तसा. आजूबाजूच्या मुलींनाही तो ऐकू आला, असं त्या नंतर म्हणाल्या. मी सिमेंटवर पडले होते आणि मला दुखत नव्हतं. सिमेंट किती तापलंय, एवढंच मनात आलं. मला उचलून बाहेर ठेवलं. मॅच आम्ही जिंकलो. कप घेऊन काढलेल्या फोटोत सगळ्या उभ्या आहेत आणि मी मध्ये खुर्चीवर, एक पाय पुढे काढून. त्या फोटोत मी हसतेय. चांगलं हसतेय.

एक्स-रेत हाड ठीक होतं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे. प्लॅस्टर काढल्यावर पाय काठीसारखा बारीक निघाला. महिन्याभरात मी चालायला लागले. पण वळताना गुडघा निसटायचा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना, काही कारण नसताना, पायाखालची फरशी सरकल्यासारखी व्हायची आणि मी दाराची चौकट धरायची.

एका दुपारी वडिलांनी मला समोर बसवून पाय मांडीवर घेतला. तेल लावलं नाही, चोळलं नाही. नुसतं एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी हळूच पुढे ओढली. ती पुढे आली. तेवढी यायला नको होती, हे मलासुद्धा कळलं.

"ह्यातलं काय तरी तुटलंय," ते म्हणाले. "आमच्यात दोघातिघांचं असं झालंय. ह्यो गुडगा आता ओझं घ्यायचा न्हाई."

"मग त्या लोकांचं काय होतं?"

"काय हुतंय? काट्यावर बसवत्यात. वजन बगायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्येबी कामच हाय."

पुढे मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांनीही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. आतला दोर तुटलाय; खेळायचं नसेल तर काही बिघडत नाही; चालता येतंय ना, मग राहू द्या. आम्ही राहू दिलं.

मला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. आज येईल, उद्या येईल, म्हणून मी वाट बघत होते. आई मला एकटं सोडायची नाही. मैत्रिणी आल्या, माझ्या गळ्यात पडून त्याच रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. माझे बूट मी आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका लांब पायांच्या मुलीला देऊन टाकले. ती घ्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, अगं, पडून राहतील. मला खरंच काही वाटत नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर दातांच्या डॉक्टरकडे गाल जसा आपला वाटत नाही, बोटाने दाबला तर बोटाला कळतं आणि गालाला नाही, तसं होतं ते. फरक इतकाच, की गाल दोन तासांनी परत येतो.

पावसाळा संपत आला तेव्हा सर घरी आले. चहा घेतला, वडिलांशी मार्केटच्या गोष्टी केल्या आणि उठता उठता मला म्हणाले, "घरी बसून काय करतेस? संध्याकाळी कोर्टवर ये. मुलं आणि मुली दोन्हीकडे मला पुरं पडत नाही. मुलींची शिट्टी तू धर."

मी गेले. शिट्टी धरली. आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मला दिसतं. आत असताना मला फक्त बॉल आणि रिंग दिसायची. आता दहाच्या दहा मुली दिसत होत्या. कुणाचा श्वास संपत आलाय, कोण पास द्यायच्या आधी डोळ्यांनी सांगून टाकते, कुणाला धक्क्याची भीती आहे. मी बोलायची कमी. टीम दहा पॉइंटांनी मागे असली तरी माझा आवाज चढायचा नाही. टाइम-आउटला मुली घामाघूम होऊन भोवती जमायच्या आणि मी भाजीचा भाव सांगावा तशी सांगायची: तू डावीकडे जा, तू तिला सोडू नकोस. मुलींना त्याचा आधार वाटायचा. "मॅडम कसल्या शांत असतात," असं दुसऱ्या कॉलेजचे कोचही म्हणायला लागले. मला ते ऐकून अवघडल्यासारखं व्हायचं. शांत राहायला आधी आत काही तरी हलावं लागतं.

दोन वर्षं असं चाललं. मग सरांच्याच शब्दावर मला नेरूळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. शाळा नवी होती. कोर्ट होतं, रिंगांना जाळ्या नव्हत्या. मुख्याध्यापिका बाई उत्साही होत्या. त्यांना शाळेच्या कपाटात एक तरी कप हवा होता. कपाट आधीच करून घेतलं होतं, काचेचं.

तिथे मला ती भेटली. आठवीतली, शिरवण्याची, आगरी घरातली. हायवे ओलांडून पळत शाळेत यायची आणि मधल्या सुट्टीत पुन्हा पळायची, कारण तिला चालायला आवडायचं नाही. बुटकी. बास्केटबॉलसाठी कुणी निवडलीच नसती. मी मुलींना रांगेत उभं करून एकेकीकडे बॉल फेकत होते. बाकीच्या बॉलला घाबरून डोळे मिटत होत्या. हिने बॉल पकडला, पोटाशी धरला आणि विचारलं, "आता कुनाला देऊ?"

बॉल हातात आल्यावर पहिला विचार तो करणारी मुलगी दहा वर्षांत एखादी मिळते.

तीन वर्षं मी तिला शिकवलं. खाली वाकून आलटून-पालटून दोन्ही हातांनी बॉल आपटत पळणं, मोठ्या मुलींच्या काखेखालून निसटणं, एकीकडे बघून दुसरीकडे पास देणं. तिची जीभ बॉलपेक्षा वेगात चालायची. "मॅडम, तुमी कंदी हसत नाय का?" असं तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, "पळ, दोन राउंड." ती पळाली आणि परत येऊन म्हणाली, "झालं. आता सांगा."

ती दहावीत गेली तेव्हा कॅप्टन होती, आणि त्या वर्षी आमची शाळा जिल्ह्याच्या फायनलला पोचली. स्पर्धा ठाण्याला होती. सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला ती रिंगखाली घुसली, बॉल टाकला, आणि खाली आली ती समोरच्या मुलीच्या पायावर. गुडघा आत वळला.

मी कडेला उभी होते. मी ते बघितलं, आणि मला काही झालं नाही. मी घड्याळ बघितलं. अकरा सेकंद उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती फायनलला आली ती गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप घेऊन. वर रुमाल बांधलेला. "आजीनं लावलाय. सूज उतरली, मॅडम. काय पन नाय झाला."

मी तिला बाकावर बसवलं आणि समोर उकिडवी बसले. माझ्या गुडघ्याला ते जमत नाही, म्हणून एक हात जमिनीला टेकला. रुमाल सोडला. लेप सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितलं. वाटीच्या कडेने मऊ लागत होतं. वडिलांसारखी नडगी ओढून बघितली. तिने पाय ताठ धरला होता, त्यामुळे मला काही कळलं नाही.

"दुखतंय?"

"नाय."

"पळता येईल?"

"येल ना, मॅडम. सकाली पलून बगितला मी."

"नक्की?"

"खेळते, मॅडम," ती म्हणाली. हे मात्र अगदी शाळेच्या भाषेत, स्पष्ट.

तिसरा प्रश्न माझ्या तोंडातून गेला आणि तेव्हा मला ऐकू आलं की मी काय करतेय. पंधरा वर्षांची मुलगी, जिल्ह्याची फायनल, बाजूला सगळी टीम वाकून बघतेय. तिच्याकडे दुसरं उत्तर होतंच कुठे? माझ्याकडे तरी कुठे होतं?

"बूट काढ," मी म्हटलं.

तिला कळलं नाही.

"बूट काढ आणि बाकाखाली ठेव. तू बसणार आहेस."

तिने माझ्याकडे बघितलं, मग टीमकडे बघितलं, मग नाड्या सोडल्या. बूट काढायला लावायची गरज नव्हती. नुसतं बस म्हटलं असतं तरी ती बसली असती. पण मला भीती वाटली, की बूट पायात राहिले तर शेवटच्या पाच मिनिटांत मीच तिला उठवीन.

मुख्याध्यापिका बाई धावत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. "अहो, ती म्हणतेय ना खेळते? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"नाही."

"मग?"

"मला बरोबर वाटत नाही."

"तुम्हाला वाटत नाही," बाई म्हणाल्या. वाक्य तिथेच सोडून त्या पालकांमध्ये जाऊन बसल्या.

मॅच सुरू झाली. तिच्या जागी घेतलेली मुलगी चांगली होती, पण बॉल हातात आला की आधी बाकाकडे बघायची. आम्ही मागे पडलो, मग जवळ आलो. दोन मिनिटं उरली तेव्हा एका बास्केटचा फरक होता. ती बाकावरून पुढे सरकली. अनवाणी पाय सिमेंटवर. "मॅडम, दोन मिनिटा. फकस्त दोन. पलत नाय, नुसती पास देते."

"नाही."

"मॅडम, पाया पडते तुमच्या."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. मी टाइम-आउट घेतला, तू डावीकडे जा, तू तिला सोडू नकोस, सगळं सांगितलं. आम्ही तीन पॉइंटांनी हरलो.

परतीच्या बसमध्ये ती बूट हातात घेऊन बसली होती. मैदानापासून बसपर्यंत ती अनवाणीच चालत आली होती, खडीवरून. मी एकदा म्हटलं, बूट घाल. तिने खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर ती प्रॅक्टिसला आली नाही. दहावीचं वर्ष, अभ्यास असेल, असं मी टीमला सांगितलं. शाळेत ती मला बघून दुसऱ्या जिन्याने जायची. पंधरा दिवसांनी मी शिरवण्याला तिच्या घरी गेले. गल्ली अरुंद होती, पण घर तीन मजली होतं. वरचे दोन्ही मजले तिच्या वडिलांनी कंपनीतल्या कामगारांना भाड्याने दिले होते, आणि जिन्यात त्यांच्या चपलांची रांग होती. तिची आई बाहेर आली. माझी उंची बघून आधी दाराची चौकट बघितली, मग म्हणाली, "या, या मॅडम. वाकून या."

मी गुडघ्याचं विचारलं.

"गुडगा? त्यो चार दिसान बरा झाला. मुरगलला व्हता नुसता. धावते ना आता, कुनाच्या बापाला ऐकत नाय." तिला ते सांगताना आनंदच होता. मी आनंदाची गोष्ट ऐकायला आलेय असं तिला वाटत होतं.

मुलगी पाणी घेऊन आली. सरळ चालत. तांब्या आणि फुलपात्र माझ्यासमोर ठेवलं आणि उभी राहिली. आई चहा करायला आत गेली.

"बरा आहे ना?" मी विचारलं.

"बरा हाय. तवापन बराच होता."

मी पाणी प्याले.

"तुमचा गेला म्हनून माझा पन जानार, असा वाटला ना तुमाला?"

माझ्या गुडघ्याचं तिला कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. "हो," मी म्हटलं.

"मंग मना विचारलात कशाला? तीन बार विचारलात. मी तीन बार हो बोलली." तिचा आवाज चढला नव्हता. "बसवायचाच होता तं पैलाच बसवायचा ना."

मला सांगता आलं असतं, की ते प्रश्न माझे नव्हते, माझ्या तोंडातून आले. मी ते सांगितलं नाही. आईने चहा आणला, मी घेतला, आणि निघताना तिला म्हटलं, प्रॅक्टिस रोज साडेचारला असते. ती म्हणाली, "माहीत हाय."

त्याच महिन्यात मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन वाशीतच राहत होते. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, समोर चहा आणि बशीत बिस्किटं. मी त्यांना सगळं सांगितलं. बूट काढायला लावल्याचंही. शेवटी म्हटलं, "चार दिवसांत बरी झाली ती. खेळली असती तर कप आला असता."

सरांनी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "मी खेळवली असती."

"हो."

"तुला खेळवलीच की." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझा गुडघा हातात घेतला ना, तेव्हाच समजलं होतं मला. धरून बघितलं तर सैल लागला. इतकी वर्षं गुडघे बघितलेत मी."

मी त्यांच्याकडे बघत होते.

"मग विचारलं का, सर? तीनदा?"

"तू हो म्हणणार, हे माहीत होतं म्हणून," ते म्हणाले. "एकदा विचारून मन भरलं नाही. म्हणून तीनदा."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, कुणास ठाऊक. आता काही तरी होईल, असं वाटून मी वाट बघितली. खाली सोसायटीत कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. सरांचे डोळे भरून आले होते, ते चष्मा काढून पुसत होते. मी बशीतलं आणखी एक बिस्कीट घेतलं. "सर, चहा गार होतोय," मी म्हटलं.

पुढच्या वर्षापासून मी मुलींना विचारणं बंद केलं. गुडघा असो, घोटा असो, ताप असो. बघायची, दाबायची, आणि सांगायची: खेळ किंवा बस. त्यावर चर्चा नाही. काही पालक म्हणाले, मॅडम फार कडक आहेत. चुका झाल्याच. एकीला उगाच बसवलं, एकीला खेळवलं आणि तिचा घोटा तीन आठवडे सुजला. पण त्या चुका माझ्या होत्या, कुठल्या मुलीच्या हो-ला बांधलेल्या नव्हत्या. दोन वर्षांनी कप आला. बाईंनी काचेच्या कपाटात ठेवला आणि मला मिठी मारली. त्या भल्या होत्या, आधीचं काही मनात ठेवलं नव्हतं. मी पेढे खाल्ले. घरी आईला सांगितलं. वडील तेव्हा मार्केटातून निवृत्त झाले होते. त्यांनी कप केवढा आहे ते हातांनी दाखवायला लावलं.

त्याच हिवाळ्यात टीममधल्या एका जुन्या मुलीकडून कळलं, की शिरवण्याची ती आता कॉलेजात कबड्डी खेळते, गावाच्या टीमकडूनही खेळते, आणि रविवारी उरणजवळच्या एका गावात मुलींच्या मॅचेस आहेत. मी कुणाला न सांगता बसने गेले. दुपारची वेळ होती. देवळासमोरच्या पटांगणात माती चाळून मैदान केलं होतं, दोरी बांधली होती, आणि दोरीला लागून बायका बसल्या होत्या, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळ्या. मी मागे उभी राहिले. एका बाईने बघितलं आणि जागा करून दिली. "बसा. तुमी उबं ऱ्हायलात तं मागच्यांना कायच दिसनार नाय."

ती चढाईला गेली तेव्हा मी तिला ओळखलं ते तिच्या वाकण्यावरून. ते वाकणं मी शिकवलेलं होतं. समोर पाच जणी. ती एकीला शिवून वळली, दुसरीने तिचा पाय धरला, तिसरी वरून पडली, आणि त्या सगळ्या ढिगाखाली तिचा उजवा पाय वेडावाकडा अडकलेला मला दिसला. शिट्टी झाली. एकेक जण उठायला लागली. ती सगळ्यात खाली होती. उठायला तिला वेळ लागला. बहुतेक पाच-सहा सेकंदच लागले असतील.

ती उठली, माती झटकली आणि रेषेकडे चालायला लागली.

"अगं बाय, हात सोड माझा," शेजारची बाई म्हणाली. "बांगड्या फुटतील."

मी खाली बघितलं. तिचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं होतं. सोडलं तेव्हा तिथे माझी बोटं उमटलेली होती.

"तुमची पोर हाय का?"

"नाही," मी म्हटलं. मला धाप लागली होती. बसल्या जागी, काही न करता.

मॅच संपल्यावर तिनेच मला बघितलं. मी उभी राहिले की लपता येत नाही. ती मातीने माखलेली होती, कोपर सोललं होतं. धावत आली. "मॅडम! तुमी आनि इकरं?" आणि मी काही बोलायच्या आत मला ओढत सरबताच्या गाडीवर घेऊन गेली. कुठल्या कॉलेजात आहे ते सांगितलं. कुणी कुणी लग्न केलं ते सांगितलं. आजी गेली ते सांगितलं. मी ऐकत होते. मग ती ग्लासात बघत म्हणाली, "बास्केट सोडला ना मी, त्यो तुमच्यामुलं नाय हां, मॅडम. उगाच डोक्यात घेऊ नका. आमच्या कालेजात रिंगच नाय. म्हनून कबड्डी."

त्या कॉलेजच्या कोर्टवर मी स्वतः दोनदा खेळले होते. रिंगा होत्या, जाळ्यांसकट.

"हो का?" मी म्हटलं, आणि सरबत संपवलं.